सरकारी खात्यात उन्हाळी इंटर्नशिप : अर्ज कुठे, कधी आणि कसा करायचा

परीक्षा संपत आल्या की पालकांचा एक ठरलेला प्रश्न आमच्याकडे येतो. "सर, दोन महिने सुट्टी आहे, पोरगा घरीच बसणार. एखाद्या सरकारी ऑफिसात काही काम मिळेल का? अनुभव येईल आणि चार पैसेही मिळतील." प्रश्न अगदी योग्य आहे, पण तो एप्रिलमध्ये विचारला जातो. उन्हाळ्यातल्या कामाचे बरेचसे अर्ज दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात आणि मार्च संपायच्या आत बंद होतात. आपल्या मुलांचं नुकसान होतं ते बहुतेक इथेच. "आपल्या पोराला कोण घेणार, वशिला लागतो" असं म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात अर्जच गेलेला नसतो.

म्हणून हा लेख. मुलगा किंवा मुलगी बारावीच्या पुढे शिकत असेल, तर घरातल्या मोठ्यांनी तो एकदा वाचून ठेवावा.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. कॅनडासारख्या देशात केंद्र सरकार विद्यार्थ्यांना सुट्टीपुरती पगारी नोकरी देतं, त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रमच आहे. आपल्याकडे तशी 'समर जॉब'ची पद्धत नाही. आपल्याकडे आहे ती इंटर्नशिप. म्हणजे ठरावीक आठवडे सरकारी खात्यात किंवा संस्थेत बसायचं, एखाद्या अधिकाऱ्याच्या हाताखाली नेमून दिलेलं काम करायचं, शेवटी अहवाल लिहायचा आणि प्रमाणपत्र घ्यायचं. काही ठिकाणी मानधन मिळतं, काही ठिकाणी एक रुपयाही मिळत नाही. आणि इंटर्नशिप केली म्हणून पुढे त्या खात्यात नोकरीचा हक्क कुठेही मिळत नाही. हे घरात आधीच स्पष्ट करून टाकावं, नाहीतर खालाजान सगळीकडे सांगत सुटतात की भाच्याला दिल्लीत सरकारी नोकरी लागली.

ज्या दोन योजना विद्यार्थ्यांसाठी नाहीत

व्हॉट्सअॅपवर सगळ्यात जास्त फिरतात त्या दोन योजना, आणि दोन्ही शिकत असलेल्या मुलांच्या कामाच्या नाहीत.

पहिली, राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. ही २०२४ मध्ये सुरू झाली. वय १८ ते ३५. बारावी उत्तीर्णाला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं गेलं. सुरुवातीला सहा महिन्यांची असलेली ही मुदत पुढे वाढवली गेली. सरकारी कार्यालयातही या योजनेतून मुलं घेतली गेली, त्यामुळे पालकांना वाटतं की सुट्टीत करायला ही बरी. पण ज्यांचं शिक्षण चालू आहे त्यांना ती लागू नाही. शिक्षण संपलेल्या बेरोजगारांसाठी ती आहे.

दुसरी, पंतप्रधान इंटर्नशिप योजना. हीसुद्धा २०२४ चीच. सुरू झाली तेव्हा वयाची अट २१ ते २४ होती, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं होतं, महिना ५,००० रुपये आणि एकदाच मिळणारे ६,००० रुपये अशी मदत होती आणि कालावधी बारा महिन्यांचा. नाव पंतप्रधानांचं असलं तरी काम करायचं ते बड्या कंपन्यांमध्ये, सरकारी खात्यात नाही. पूर्ण वेळ कॉलेजात शिकणाऱ्याला इथेही जागा नाही. पदवी झाल्यावर घरी बसलेल्या मोठ्या भावासाठी मात्र ही योजना जरूर बघावी.

मुख्यमंत्री फेलोशिपबद्दलही काही जण विचारतात. तिच्यात राज्यभरातून साठ मुलं घेतात, पदवीला साठ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो आणि काम पूर्ण वर्षभराचं असतं. सुट्टीत करायची ही गोष्ट नाही.

रिझर्व्ह बँक : मानधनही आहे आणि मुंबईही जवळ

विद्यार्थ्यांसाठी असलेल्यांपैकी आमच्या मते आपल्या मुलांनी सगळ्यात आधी बघावी ती रिझर्व्ह बँकेची उन्हाळी इंटर्नशिप. ती दोन कारणांनी. महिना २०,००० रुपये मानधन मिळतं, आणि बरेचसे प्रकल्प बँकेच्या मुंबईतल्या केंद्रीय कार्यालयात असतात. भिवंडी, मुंब्रा, कल्याण, पनवेल इथल्या मुलाला घरी राहून हे करता येतं. बाहेरगावच्या मुलाने मात्र राहण्याची सोय स्वतः करायची असते.

देशभरातून साधारण १२५ विद्यार्थी घेतले जातात. अर्ज १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर या काळात. जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती, आणि काम एप्रिल ते जुलै यादरम्यान, जास्तीत जास्त तीन महिने. पात्रता नीट वाचा. व्यवस्थापन, संख्याशास्त्र, कायदा, वाणिज्य, अर्थशास्त्र, बँकिंग किंवा वित्त या विषयांत पूर्ण वेळ पदव्युत्तर शिक्षण घेणारे, पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमातले, किंवा कायद्याची तीन वर्षांची पदवी करणारे विद्यार्थी. शिवाय ते शेवटून दुसऱ्या वर्षात असायला हवेत. म्हणजे एम.कॉम. किंवा एम.ए. अर्थशास्त्र करणाऱ्याने पहिल्या वर्षातच अर्ज करायचा. ऑगस्टमध्ये प्रवेश घ्यायचा आणि ऑक्टोबरात अर्ज भरायचा, एवढाच वेळ हातात असतो. दुसऱ्या वर्षात जाग आली तर उपयोग नाही.

बी.कॉम.च्या मुलांनी नाराज व्हायचं कारण नाही. त्यांनी ही तारीख दोन वर्षं आधीच लक्षात ठेवली की झालं.

नीती आयोग : नाव मोठं, पैसे शून्य

दिल्लीतल्या नीती आयोगाची इंटर्नशिप वर्षभर चालते. अर्जाची खिडकी दर महिन्याच्या १ ते १० तारखेला उघडते. ज्या महिन्यात काम सुरू करायचं त्याच्या सहा महिन्यांच्या आधी अर्ज चालत नाही आणि दोन महिने उरल्यावरही चालत नाही. मे महिन्यात जायचं असेल तर १ नोव्हेंबरपासून १० मार्चपर्यंत दर महिन्याचे पहिले दहा दिवस एवढीच संधी. कालावधी कमीत कमी सहा आठवडे, जास्तीत जास्त सहा महिने.

पदवीच्या विद्यार्थ्याचं दुसरं वर्ष, म्हणजे चौथं सत्र, पूर्ण झालेलं असावं किंवा त्याची परीक्षा दिलेली असावी आणि बारावीला किमान ८५ टक्के असावेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याचं पहिलं वर्ष झालेलं असावं आणि पदवीला किमान ७० टक्के. लॅपटॉप स्वतःचा न्यावा लागतो. मानधन, प्रवासखर्च, राहणं, काहीही मिळत नाही.

इथे आम्ही आमचं मत स्पष्ट सांगतो. ज्या घरात एकच कमावता आहे, तिथे फक्त नावासाठी कर्ज काढून मुलाला सहा आठवडे दिल्लीत ठेवू नये. तेच सहा आठवडे तो आपल्या जिल्ह्याच्या कार्यालयात देऊ शकतो, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पण दिल्लीत सख्खे नातेवाईक असतील, किंवा मोहल्ल्यातल्या बैतुलमालची मुलांच्या फीसाठी मदत करायची पद्धत असेल, तर प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च तिथे मागायला लाज वाटायचं कारण नाही. फीसाठी मागतोच ना आपण.

राहण्याबद्दल एक व्यवहारी गोष्ट. आपल्याकडची मुलं जामिया नगर, ओखला या भागात खोली शोधतात. तिथून दिल्ली मेट्रोची मजेंटा लाइन घ्यायची, हौज खासला उतरून यलो लाइन पकडायची, पटेल चौकला उतरायचं. नीती आयोग तिथून जवळ, संसद मार्गावर. घर शोधताना बाकी काही बघा न बघा, मेट्रो स्टेशन पायी गाठता येतं का ते आधी बघा. मे-जूनच्या दिल्लीत त्याची किंमत कळते.

परराष्ट्र मंत्रालय आणि आपले चार जिल्हे

परराष्ट्र मंत्रालयाच्या इंटर्नशिपकडे आपली मुलं फिरकतही नाहीत, कारण ती "हाय-फाय" लोकांसाठी असते असा समज आहे. नियम बघितले तर उलटं दिसतं. वर्षाच्या दोन सहामाहींसाठी वेगवेगळी निवड होते, प्रत्येक राज्याला वाटा आहे, महिना १०,००० रुपये मानधन आहे आणि दिल्लीला जाण्यायेण्याचं विमानभाडं एकदा दिलं जातं. वयाची मर्यादा २५. पदवीधर चालतात, आणि ज्यांच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची आहे असे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही चालतात.

शिवाय निवडीत आकांक्षित जिल्ह्यांतल्या आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या उमेदवारांचा विशेष विचार होतो. महाराष्ट्रात असे जिल्हे चार : नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव. वाशिम किंवा धाराशिवच्या एखाद्या तालुक्यातला आपला मुलगा इथे मुंबईच्या मुलापेक्षा मागे नाही, पुढे असू शकतो.

ओबीसीचा मुद्दा आला म्हणून सांगतो. मोमीन, बागवान, पिंजारी, तांबोळी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. पण केंद्राच्या कामासाठी केंद्राच्या यादीत नाव आहे का ते तपासावं लागतं, आणि प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. राज्याचं प्रमाणपत्र घरात आहे म्हणून निर्धास्त राहू नये. नॉन-क्रीमीलेअरचा कागद मुदतीतला आहे का तेही आत्ताच बघून ठेवा. सेतू केंद्रात जूनमध्ये प्रवेशाची गर्दी असते, तेव्हा हे काम होत नाही.

मुलींसाठी

मुलीला दिल्लीला एकटं कसं पाठवायचं, हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. तो प्रत्येक घरात असतो, फक्त आपल्याच नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाची दोन महिन्यांची इंटर्नशिप या दृष्टीने बघण्यासारखी आहे. ती फक्त महिलांसाठी आहे आणि पहिल्या श्रेणीची मोठी शहरं सोडून बाकी भागातल्या महिलांसाठी आहे. वय २१ ते ४०. महिना २०,००० रुपये मानधन आणि हॉस्टेलची व्यवस्था. वर्षात तिच्या काही तुकड्या होतात, त्यातली एक उन्हाळ्यात, मे-जूनमध्ये. मालेगाव, परभणी, अचलपूर, रत्नागिरी इथल्या मुलींसाठीच जणू हे नियम लिहिलेत. विद्यार्थिनी तर चालतेच, शिक्षिका आणि समाजकार्य करणाऱ्या बाईलाही अर्ज करता येतो. आमच्या स्टाफरूममधल्या आपांनी याकडे लक्ष द्यावं.

मुलगी पाठवायचं ठरलं तर अब्बांनी किंवा भाईने पहिल्या दिवशी सोबत जावं, हॉस्टेल बघावं, वॉर्डन बाईंचा नंबर घ्यावा आणि परत यावं. दोन महिने तिथे मुक्काम ठोकू नये. त्याने मुलीचीच पंचाईत होते.

विज्ञान आणि तंत्रज्ञानाची मुलं

विज्ञान शाखेसाठी बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी इतर दोन राष्ट्रीय अकादमींबरोबर उन्हाळी संशोधन फेलोशिप देते. काम दोन महिन्यांचं, एखाद्या नामांकित शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत. अर्ज हिवाळ्यात. शिक्षकांनाही ती खुली आहे. मुंबईतली टाटा मूलभूत संशोधन संस्थासुद्धा उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेते. संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांसाठी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची डिजिटल इंडिया इंटर्नशिप आहे. आधीच्या परीक्षेत साठ टक्के लागतात, कालावधी दोन महिने आणि महिना १०,००० रुपये. इंजिनिअरिंगच्या मुलांनी एआयसीटीईच्या इंटर्नशिप पोर्टलवर नाव नोंदवून ठेवावं. तिथे सरकारी आणि खासगी दोन्ही प्रकारच्या जागा येतात आणि नोंदणीला पैसे लागत नाहीत.

आणि शाळेतली मुलं? अठराच्या खाली यातलं काही नाही. पण इस्रोचा युविका हा कार्यक्रम नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत, साधारण दोन आठवडे, इस्रोच्या केंद्रात राहून. प्रवास, राहणं, जेवण सगळं इस्रोकडून. ग्रामीण शाळेतल्या मुलांना निवडीत जास्त गुण मिळतात आणि आठवीचे गुण धरले जातात. नोंदणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असते. उर्दू माध्यमाच्या मुख्याध्यापकांनी याची सूचना फळ्यावर लावली तरी खूप झालं.

आपल्याच गावातलं सरकारी ऑफिस

आता ज्याला जाहिरात नाही, पोर्टल नाही, अशा कामाबद्दल. बहुतेक मुलांना खरं तर हेच जमण्यासारखं आहे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक आले आहेत. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत 'ऑन जॉब ट्रेनिंग' या नावाने चार श्रेयांक असतात, आणि एका श्रेयांकाला तीस तास धरले तर ते १२० तास होतात. म्हणजे कॉलेजलाही आपल्या मुलाला कुठेतरी पाठवायची गरज आहे. दरवर्षी बरीच मुलं ओळखीच्या दुकानातून सही-शिक्क्याचा कागद आणून हे तास "पूर्ण" करतात. तेच १२० तास नगरपालिकेत काढले तर?

नगरपालिकेचा किंवा महानगरपालिकेचा आरोग्य विभाग, पाणीपुरवठा, कर विभाग, जिल्हा परिषदेचा शिक्षण आणि महिला-बालकल्याण विभाग, जिल्हाधिकारी कार्यालयातला नियोजन विभाग, जिल्हा सांख्यिकी कार्यालय, तालुका कृषी अधिकारी, सरकारी वाचनालय. कायद्याच्या मुलांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जे जिल्हा न्यायालयातच असतं. आमचा अनुभव असा की अधिकारी नकार देतात तो सहसा मुलाला नाही, गोंधळाला देतात. मुलगा येतो, दारात उभा राहतो, "काही काम आहे का" विचारतो. त्याला साहेब काय सांगणार?

म्हणून तीन गोष्टी हातात घेऊन जायच्या. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांचं पत्र, ज्यात विद्यार्थ्याचं नाव, वर्ग, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती तास, आणि "यासाठी कार्यालयावर कोणताही आर्थिक भार पडणार नाही" हे वाक्य. दुसरा, स्वतःचा एक पानी अर्ज, मराठीत, ज्यात आपण नेमकं काय करू शकतो ते लिहिलेलं. तिसरं, ओळखपत्र आणि आधारची प्रत. अर्ज कार्यालय प्रमुखाच्या नावे करावा. मुख्याधिकारी, आयुक्त, निवासी उपजिल्हाधिकारी, जे असतील ते. तो आवक शाखेत द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. ही पोच फार महत्त्वाची. आठ-दहा दिवसांनी गेल्यावर "आवक क्रमांक अमुक, तारीख तमुक" असं सांगितलं की टेबलावरचा माणूस फाईल शोधतो. पोच नसेल तर "परत द्या अर्ज" एवढंच ऐकायला मिळतं. हे पत्र फेब्रुवारीतच द्यावं. मार्चअखेरीला सगळ्या ऑफिसांत खर्चाच्या बिलांची घाई असते, तेव्हा तुमच्या अर्जाकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

आपल्या मुलांकडे एक गोष्ट अशी आहे जी ती अर्जात लिहीतच नाहीत : दोन भाषा. ज्या वस्तीत आई-बाप उर्दू किंवा दखनी बोलतात, तिथे लसीकरणाची, रेशनकार्डाची, मतदार नोंदणीची माहिती समजावून सांगायला मराठी फाईल वाचता येणारा आणि उर्दूत बोलता येणारा माणूस लागतो. आरोग्य विभागाला तो हवाच असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तर याहून मोठं दार उघडं आहे. राज्याच्या पुराभिलेख खात्याकडे, विशेषतः पुण्याच्या पेशवे दफ्तरात, मोडीबरोबर फारसी कागदही आहेत. उर्दू लिपी येणाऱ्याला फारसी अक्षर अनोळखी नसतं. फारसी भाषा वेगळी शिकावी लागते हे खरं, पण वर्गातली बाकीची मुलं जिथून सुरुवात करतात त्याच्या दोन पायऱ्या पुढून आपण सुरुवात करतो.

या कामाला पैसे मिळत नाहीत. ज्याला सुट्टीत कमावणं भाग आहे, त्याने दिवसाचे चार तास ऑफिस आणि संध्याकाळी ट्यूशन किंवा दुकान, असं जमवावं. सत्र चालू असताना कॉलेजातल्या 'कमवा व शिका' योजनेत नाव घालावं. १२० तास दिवसाला चारप्रमाणे काढले तर तीस दिवस लागतात, सुट्टीत सहज बसतात.

अर्जातला मजकूर

ऑनलाइन अर्जात "तुम्हाला ही इंटर्नशिप का करायची आहे" असा एक रकाना असतो. मुलं इथे लिहितात : मला लहानपणापासून देशसेवेची आवड आहे, मी मेहनती आणि प्रामाणिक आहे. हजार अर्जांत हेच असतं. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही.

समजा मुलगी मालेगावची आहे, अर्थशास्त्र शिकते, घरी यंत्रमाग आहेत. तिने असं लिहावं : आमच्या घरात यंत्रमाग चालतात, वीज बिल आणि सुताचा भाव यांचा महिन्याचा हिशेब गेली दोन वर्षं मी ठेवते, छोट्या उद्योगांसाठीच्या योजना अशा घरांपर्यंत का पोहोचत नाहीत हे मला उद्योग विभागात बसून समजून घ्यायचं आहे. तीन ओळी. पण यात माणूस दिसतो, काम दिसतं आणि तिला कुठल्या विभागात ठेवायचं तेही कळतं. रत्नागिरीच्या मुलाकडे मासेमारी असेल, भिवंडीच्या मुलाकडे गोदामं, नांदेडच्या मुलाकडे शेती. घरातलं काम ही लपवायची गोष्ट नाही. मोठमोठ्या कॉलेजांतल्या मुलांकडे नेमकं तेच नसतं.

इंग्रजी कच्चं असेल तर आधी मराठीत किंवा उर्दूत लिहा, मग कुणाकडून तरी इंग्रजी करून घ्या, आणि मग स्वतः मोठ्याने वाचून बघा. जो शब्द तुम्हाला समजावून सांगता येत नाही तो काढून टाका. मोबाइलमधल्या एआयकडून पूर्ण उतारा लिहून घेऊ नये. मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्यावर येतो आणि मुलगा गप्प होतो.

शिफारसपत्र मागायचं असेल तर शिक्षकाला किमान दहा दिवस द्या. सोबत आपली गुणपत्रिका आणि केलेल्या कामांची यादी द्या. आणि कृपा करून ईमेलचा पत्ता नीट बनवा. नावापुढे 'प्रिन्स', 'डॅशिंग' असं काही जोडलेल्या पत्त्यावरून मंत्रालयाला अर्ज पाठवू नये. नाव आणि आडनाव पुरे.

नावाचा घोळ

आमच्या मते आपल्या घरांतला सगळ्यात मोठा अडथळा हाच आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'शेख मोहम्मद आरिफ अब्दुल करीम', आधारवर 'मोहम्मद आरिफ शेख', बँकेत 'मो. आरिफ ए. शेख', आणि इंग्रजीत शेखचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन प्रकारचं. मुलींच्या बाबतीत 'बी', 'बानो', 'खातून' एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. निवड झाल्यावर कागदपत्र तपासणीत किंवा मानधन खात्यात जमा होताना हे अडकतं.

दहावीची गुणपत्रिका हा पाया धरा. आधार, पॅन आणि बँक खातं त्याप्रमाणे करून घ्या. आधारमधली दुरुस्ती अधिकृत आधार केंद्रावर होते. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत विचारा. गुणपत्रिकेवरच चूक असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज करावा लागतो आणि नाव मुळातच बदलायचं असेल तर राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं. दोन्हीला वेळ लागतो. मुलगा अकरावीत असतानाच हे काम उरकलं तर पुढे शिष्यवृत्ती, पासपोर्ट, सगळीकडे सोपं जातं.

याशिवाय एक फोल्डर बनवून ठेवा : दहावी, बारावी आणि आतापर्यंतच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, बोनाफाईड, कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, फोटो. सगळं स्कॅन करून मोबाइलमध्ये आणि ईमेलवर. कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र मिळायला कधीकधी आठवडा जातो, कारण सही करणारे सर रजेवर असतात. दहा तारखेची मुदत असेल तर एक तारखेला कॉलेजात जाऊन चालणार नाही.

पैसे मागणारा कोणीही असो

वर सांगितलेल्या एकाही इंटर्नशिपसाठी एजंट लागत नाही आणि "सीट पक्की" करण्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत. तरी दर उन्हाळ्यात "मंत्रालयात इंटर्नशिप, नोंदणी शुल्क फक्त ९९९" असे संदेश फिरतात. सरकारी खात्यांचे संकेतस्थळ आणि ईमेल साधारणपणे 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन'ने संपतात. जीमेलवरून आलेलं निवडपत्र खरं मानू नये. खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन तिथला नंबर घ्यावा आणि फोन करून विचारावं. आधारची प्रत आणि ओटीपी कुणाला देऊ नये. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

निवड झाल्यावर

पहिल्याच आठवड्यात आपल्या अधिकाऱ्याला विचारून अहवालाचा विषय ठरवून घ्यावा. शेवटच्या आठवड्यात ठरवायला गेलं तर अहवाल अर्धवट राहतो आणि प्रमाणपत्र लांबतं. सध्या काही वर्षं बकरी ईद मे-जूनमध्ये येते आहे. ईदला गावी यायचं असेल तर रजेचं आधीच लेखी सांगा आणि रेल्वेचं तिकीट निवडपत्र हातात आल्याच्या दिवशीच काढा. जुम्याच्या नमाजची वेळही पहिल्याच दिवशी सरळ सांगून ठेवावी. तेवढा वेळ जेवणाच्या सुट्टीला जोडून घेता येतो का ते विचारावं. न सांगता टेबलावरून गायब होण्यापेक्षा ते केव्हाही बरं दिसतं.

निघताना प्रमाणपत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख, एकूण तास आणि अधिकाऱ्याचं पद लिहिलेलं आहे का ते तिथेच उभं राहून तपासा. कॉलेज श्रेयांक देताना तास मोजतं. तास लिहिलेले नसतील तर त्या कागदासाठी पुन्हा दिल्लीला किंवा मुंबईला फेरी मारावी लागते.